जिलाँगच्या किनाऱ्यावरची लाकडी माणसं

शनिवार, रात्री साडेदहा

पोरं आडवी झालीत. पायांचे तुकडे पडलेत, तरी आजचं आजच लिहून ठेवते.

जिलाँग ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नपासून ७५ किलोमीटरवर. एकेकाळी इथून लोकर जहाजांत चढायची, त्यावरच हे बंदर वाढलं. आता कोरायो उपसागराच्या कडेनं फिरायला मस्त रस्ता केलाय आणि त्या रस्त्यावर जागोजागी रंगवलेली लाकडी माणसं उभी आहेत, शंभराहून जास्त. जॅन मिचेल या कलाकार बाईंनी १९९०च्या दशकात ती घडवली. लाकूड जुन्या, मोडीत निघालेल्या धक्क्याच्या खांबांचं. समुद्रात उभं राहून ज्यांनी बोटी धरल्या, त्याच खांबांना नाक-डोळे आले.

आईंनी पहिली बाई पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर सावंतवाडीची बाहुली, माणसाएवढी केलेली!" अगदी तसंच आहे. हात वेगळे काढलेले नाहीत, सगळं अंग एका खांबात. त्यामुळे मोडायची भीती नाही आणि पोरांना कुणी "हात लावू नका" म्हणत नाही. धाकटा प्रत्येकाला कवळ घालत सुटला होता.

ईस्टर्न बीचवर जुन्या काळचे पोहायचे पोशाख घातलेल्या बायका एका ओळीत उभ्या आहेत. त्यातल्या एकीसमोर मी बराच वेळ थांबले. टोपीपासून गालावरून हनुवटीपर्यंत लाकडाला चीर गेलीय, करंगळीचं टोक जाईल एवढी. उन्हावाऱ्यानं गालाचा रंग फिका पडलाय, पण डोळे अजून टवटवीत. ती चीर मला फार आवडली. खांब पाण्यात होता तेव्हाचं काहीतरी तिथं शिल्लक आहे असं वाटलं.

पोरांचा जीव मात्र सशांत अडकला. पुष्कळ माणसांच्या पायाशी ससा आहे, नीट वाकून पाहिलं तरच दिसतो. मोठीनं विचारलं, "आई, सगळ्यांनी ससेच का पाळलेत?" मग तिथंच कठड्यावर बसून गोष्ट सांगितली. जवळच विंचेल्सीला थॉमस ऑस्टिन नावाचा जमीनदार होता. शिकारीची हौस म्हणून १८५९ साली त्यानं इंग्लंडहून ससे मागवले, दोन डझन. ते सोडले आणि बघता बघता त्यांनी जवळजवळ सगळा खंड व्यापला, कुरणंच्या कुरणं फस्त केली. पश्चिमेकडे त्यांना अडवायला मैलोन्‌मैल कुंपण घालावं लागलं. मोठी गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे ससे वाईट नव्हते, आणणारा चुकला." आई म्हणाल्या, "बरोब्बर, बाळा." त्यानंतर ससा शोधताना तिची नजरच बदलली होती.

मला या कामाचं फार अप्रूप वाटतं. पुतळा म्हटला की माझ्या मनात येतो उंच चौथरा, लोखंडी कठडा आणि जयंतीचा हार. खालून मान वर करून बघायचं. इथं बँडवाले आहेत, जीवरक्षक आहेत, कोळी आहेत, इथल्या मूळ रहिवाशांपासून अलीकडच्या माणसांपर्यंत सगळे जमिनीवर, रस्त्यावर, पोरांच्या डोळ्यांसमोर उभे. गावाचा इतिहास सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीवर आणून ठेवणं सोपं नाही. मिचेलबाईंनी ते केलं. २००८ मध्ये त्या गेल्या, पण पोरं अजून रोज त्यांच्या कामाला मिठ्या मारतायत. आपल्या कोकणातल्या एखाद्या बंदरावर असं कुणीतरी करायला हवं, मनापासून वाटतं. मालवणला दालदी मच्छीमार, रापणीचं जाळं ओढणारे रापणकर, लाँचवर तिकिटं फाडणारा... किती माणसं उभी राहतील!

दुपारी कॅरोसेल, म्हणजे घोड्यांचं गोल फिरणारं चक्र. १८९२ची, वाफेवर चालण्यासाठी बनवलेली, ३६ लाकडी घोड्यांची. आता काचेच्या मंडपात आहे, त्यामुळे बाहेर वारा सुटला तरी काही बिघडलं नाही. आई आधी "माझं काय वय आहे का" म्हणत होत्या, पण धाकट्यानं हात सोडलाच नाही. बसल्या. उतरताना पदर सावरत म्हणाल्या, "अजून एक चक्कर चालली असती."

रिपलसाइड पार्ककडची बाजू राहिलीय. आईंचं परतीचं विमान एप्रिलात, त्याआधी ती करायचीच. मोठीनं वहीत सशांसाठी रकाने आखून ठेवलेत: कुणाच्या पायाशी, कोणत्या रंगाचा, उभा की बसलेला.