बाग वाकलेली, फोटो सरळ

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई सोडली तर वर्षभर पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, जुन्या फोटोंची दुरुस्ती हेच काम. जूनच्या सुरुवातीला, मृग लागायच्या आधी, एका संध्याकाळी अर्धा तास वादळ झालं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना या वाऱ्याची धास्ती दरवर्षी असते. केळीचा खांब दिसतो जाडजूड, पण तो लाकडाचा नसतो. पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी, आत पाणीच पाणी. वर भरलेला घड आणि खाली उथळ मुळं. असा वारा घुसला की काही खांब मधून मोडतात आणि काही गड्ड्यासकट, म्हणजे जमिनीतल्या कंदासकट, उचलले जाऊन कलतात.

सकाळी नानांचा फोन आला, त्यांची केळीची बाग आहे. "पंचनाम्याला माणसं येतील तेव्हा येतील, भाऊ. तुम्ही आधी मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवा."

गेलो. चिखलात पोटरीपर्यंत पाय जात होते, कॅमेरा सरळ धरणं कठीण. मोडलेल्या झाडांचे फोटो पटापट काढले, त्यांच्याबद्दल कुणी वाद घालणार नव्हतं. नाना मला पुढे घेऊन गेले ते कललेल्या ओळींकडे. "ही उभी दिसतात, पण उभी नाहीत. गड्डा सुटलाय. घडाच्या वजनाने आठ दिवसांत आडवी होतील. पंचनाम्यात हीच सुटतात." त्यांनी एका खांबाच्या बुडाशी बोट घातलं, तर माती आणि गड्डा यांच्यात चार बोटं फट होती. हा फोटो मी खाली बसून काढला. मागे कललेल्या ओळी, खालच्या कोपऱ्यात ती फट.

दुकानात येऊन सगळे फोटो लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घेतले. लग्नांसाठी माझा एक प्रीसेट, म्हणजे एकदम लावता येणारा ठरलेल्या सेटिंगचा संच, केलेला आहे. उजेड, रंग, आणि त्यातच रेषा सरळ करणारं अपराइट 'व्हर्टिकल'वर, रिकाम्या कडा कापणारा कन्स्ट्रेन क्रॉप चालू. मंडपाचे खांब, हॉलच्या भिंती कलत्या आल्या की सॉफ्टवेअर त्या उभ्या रेषा शोधतं, फोटो फिरवून त्या सरळ करतं आणि रिकामे कोपरे कापून टाकतं. हजार फोटोंच्या लग्नात याने माझी रात्र वाचते. तोच प्रीसेट सवयीने या फोटोंना लागला. संध्याकाळपर्यंत आठ बाय बाराच्या प्रिंट काढून मी पाकिटात घातल्या. एकेक फोटो मूळ फोटोशेजारी ठेवून पाहिला नाही, ही चूक सर्वस्वी माझी.

नाना आले, काउंटरवर प्रिंट पसरल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कललेल्या ओळींचा फोटो हातात घेऊन म्हणाले, "हे काय भो? तुम्ही तर माझी बाग उभी केली."

खरंच उभी होती. खांब ताठ, घड लटकलेले, जणू कापणीला आलेली निरोगी बाग. जमीन तेवढी एका बाजूला उतरती दिसत होती, पण उताराचं शेत कुणाला नवं? कोपऱ्यातली फट तर प्रिंटमध्ये नव्हतीच. मी मूळ फोटो उघडून मोजलं. प्रीसेटने तो साधारण 7 अंश फिरवला होता. तीनास दोनच्या फोटोत 7 अंश फिरवून लांबी-रुंदीचं तेच प्रमाण राखायचं तर सुमारे 28 टक्के चित्र कापलं जातं. नानांचा सगळ्यात मोठा पुरावा त्या 28 टक्क्यांत गेला होता.

सॉफ्टवेअरला दोष देऊन भागत नाही. त्याने फोटोत सगळ्यात जास्त ज्या रेषा दिसल्या, त्यांनाच उभं मानलं. मंडपात ते बरोबर असतं. इथे शेकडो रेषा एकाच बाजूला कलल्या होत्या आणि तेच तर दाखवायचं होतं.

प्रीसेट काढला. लाइटरूममध्ये मूळ फाइल शाबूत असते, त्यामुळे नुकसान काही झालं नव्हतं. पण मूळ फोटोही कॅमेरा तिरका धरल्याने थोडा कलताच होता. तो तसाच दिला असता तर उद्या कुणी म्हणालं असतं की झाडं नव्हे, कॅमेराच वाकडा. म्हणून खरी उभी किंवा खरी आडवी अशी एक तरी रेषा शोधायला बसलो. नाना शेजारी स्टुलावर.

मागे सातपुडा होता. क्षितिज म्हणून पहिला हात तिकडेच जातो, पण डोंगराची कड चढती-उतरती, तिच्यावर भरवसा नाही. बांधाची रेषा आपल्यापासून लांब जात होती, अशी रेषा सपाट जमिनीवरही फोटोत तिरपी पडते. विजेचा खांब वादळाने स्वतःच कलला होता. नानांनीच विचारलं, "ते डबकं चालेल का? पाणी काही वाकडं उभं राहत नाही."

चाललं. वारा थांबलेला, पाणी स्थिर. वस्तूचं टोक आणि स्थिर पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब नेहमी एकाच ओळंब्यात, म्हणजे दोरीला वजन बांधून सोडल्यासारख्या उभ्या रेषेत असतात, मग वस्तू स्वतः कितीही कललेली असो. डबकं फ्रेमच्या मध्याजवळ होतं हेही नशीब, कारण कडेला कॅमेऱ्याच्या वर-खाली झुकण्याने उभ्या रेषा तिरप्या पडतात. क्रॉपमधल्या स्ट्रेटनच्या पट्टीने कललेल्या विजेच्या खांबाच्या टोकापासून त्याच्या प्रतिबिंबाच्या टोकापर्यंत रेघ ओढली. फोटो 1.4 अंश फिरला. कापलं गेलं ते जेमतेम 7 टक्के, आणि फट जागेवर राहिली. दुसऱ्या एका फोटोत तुटून लोंबणारी वायर होती, तिथे तीच ओळंबा झाली. ज्या फोटोंत असं काहीच सापडलं नाही, ते मी फिरवलेच नाहीत. मूळ फाइल्सचा पेन ड्राइव्हही सोबत दिला.

नव्या प्रिंटवर नानांनी नखाने ओळ मोजली. "सव्वीस," म्हणाले आणि प्रिंट पाकिटात घातली. पैसे देताना म्हणाले, उद्या धाकट्या भावाच्या शेतात यायचं आहे, तिथे पाणी साचलेलं नाही.

सकाळी निघताना शेजारच्या गवंड्याकडून ओळंबा मागून घेतला. शेतात गेल्यावर बांबू रोवून तो प्रत्येक फोटोत फ्रेमच्या मधोमध लोंबत ठेवला.