मंकचे हात

रविवार, रात्री पावणेबारा

भाच्याचं पुस्तक आज संपवलं. तो अ‍ॅनिमेशन शिकतो, त्यामुळे त्याच्या खोलीत असली जाडजूड चित्रपुस्तकं पडलेली असतात. हे युसेफ दाउदी या चित्रकाराचं, थेलोनियस मंक या जॅझ पियानोवादकावरचं. रंग मोजकेच, काळा, पांढरा आणि एक मातकट सोनेरी. ‘मावशी, गाणी लावून वाच,’ असं त्यानं बजावलं होतं. पहिल्या रात्री मी ऐकलं नाही, त्याचंही आणि गाणीही. काल मात्र फोनवर मंकचं ‘राउंड मिडनाइट’ लावलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून निघाले.

जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही. पेटी मात्र लहानपणी चार वर्षं शिकले. दोन पट्ट्यांच्या मधे जो सूर असतो तो पेटीत नाही, हे आमच्या गुरुजींचं कायमचं दुःख. तेवढ्यासाठीच तर आकाशवाणीनं १९४०पासून तीसेक वर्षं पेटीला दारात उभं केलं नव्हतं. पियानोचीही तीच अडचण. मंक काय करतो, तर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो. आधी वाटतं, चुकला. मग कानाला कळतं की हा मधल्या फटीतला सूर शोधतोय. त्याच्या काळातही पुष्कळांना तो चुकतोय असंच वाटायचं. शिवाय बोटं सपाट, आडवी. आमच्या गुरुजींनी बोटांवर फूटपट्टी हाणली असती.

मंकचा जन्म १९१७चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटचा. लहानपणीच आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली, सॅन हुआन हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. पुढे त्या वस्तीचा मोठा भाग पाडून तिथे लिंकन सेंटर उभं राहिलं. वाजवणाऱ्यांची घरं उठवायची आणि त्याच जागेवर संगीताचं मंदिर बांधायचं!

पण माझं मन अडकलं ते एका कार्डापाशी. न्यूयॉर्कमध्ये जिथे दारू मिळते अशा क्लबात वाजवायचं तर पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावं लागे. त्यासाठी फोटो द्यायचा आणि बोटांचे ठसे. म्हणजे पियानोवर ठेवायची बोटं आधी पोलिसांच्या शाईत बुडवायची. १९५१ साली मंक आणि त्याचा मित्र बड पॉवेल गाडीत बसलेले असताना पोलिसांना हेरॉइन सापडलं. मंकनं मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. साठ दिवस तुरुंगात काढले आणि वर कार्ड गेलं. सहा वर्षं आपल्याच शहरातल्या क्लबात वाजवायची बंदी! गायिका बिली हॉलिडेचंही कार्ड असंच गेलं होतं. ही पद्धत बंद झाली १९६७मध्ये.

हे वाचताना मला सोलापूरची सेटलमेंट आठवली. आमच्या लहानपणी तो नुसता रस्त्यातला एक भाग होता, ‘सेटलमेंटकडे जाणारी रिक्षा’ एवढाच. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, हजेरी लावली, बाहेर पडायचं तर पास. हे सगळं फार उशिरा कळलं. तो कायदा १९५२ला गेला. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, मला माहीत आहे. तिथे कार्ड गोऱ्या कलावंतांनाही लागायचं. पण नियम सगळ्यांना एक असला तरी पोलिसाची नजर सगळ्यांवर सारखी नसते, हे समजायला मला न्यूयॉर्कला जायची गरज नाही.

१९५७मध्ये कार्ड परत मिळालं. मग ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये जॉन कोल्ट्रेनबरोबरचे ते गाजलेले महिने. इकडे कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन सुरू झाला की मंक पियानो सोडून उठायचा आणि स्वतःभोवती गिरक्या घेत नाचायचा.

आणि पुढच्याच वर्षी डेलावेअर. बाल्टिमोरला निघाले असताना पाणी प्यायला मंक वाटेतल्या मोटेलात गेला. पोलीस आले. गाडीतून उतरायला त्यानं नकार दिला, तर त्यांनी त्याच्या हातांवर मारलं. गाडी निकाची होती. निका म्हणजे रॉथ्सचाइल्ड घराण्यातली बॅरोनेस, त्याची मैत्रीण. त्याच्या हातांना मारू नका, असं ती ओरडत होती. कार्ड पुन्हा गेलं.

वर मी फूटपट्टीबद्दल सहज लिहून गेले. खोडत नाही, राहू दे.

पुस्तकाबद्दल एक तक्रार आहे. ते बेतलंय मंक आणि निकाच्या मैत्रीवर. मैत्री मोठीच, डेलावेअरला सापडलेल्या गांजाचा आळ निकानं स्वतःवर घेतला, वर्षानुवर्षं कोर्ट लढली. पण बंदीच्या त्या वर्षांत कामं करून घर चालवलं ते नेलीनं, बायकोनं. मला तिच्याबरोबर आणखी बसायचं होतं. मंकनं तिच्यासाठी ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ केलं, ते आज तीनदा ऐकलं.

शेवटची वर्षं तो हडसनपलीकडे वीहॉकेनला निकाच्या घरी राहिला. घरभर मांजरं. खोलीत पियानो होता, पण तो जवळजवळ शिवलाच नाही. १७ फेब्रुवारी १९८२ला गेला.

पुस्तक मिटताना दिसलं, एका पूर्ण काळ्या पानावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. जेवणानंतर हात नीट पुसले नव्हते. ओढणीनं पुसून पाहिलं, गेला नाही. उद्या भाचा ओरडणार.