प्रवचनाची भाषा : स्पिलव्हिलचे संत व्हाच्लाव चर्च

माझी आई चौथीपर्यंतच शिकली होती, पण मिस्सेतील, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतील, लॅटिन उत्तरे तिला अखेरपर्यंत मुखोद्गत होती. फादर वेदीवरून 'दोमिनुस वोबिस्कुम' म्हणत आणि सगळा जमाव 'एत कुम स्पिरितु तुओ' असे उत्तर देई. त्याचा अर्थ आपल्याला कोणी सांगितला नव्हता आणि आपणही कधी विचारला नाही, असे ती सांगत असे. घरी रात्री रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मात्र मराठीतून होई. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली, त्यानंतरच्या काही वर्षांत नागपुरातही मिस्सा लोकांच्या भाषांतून होऊ लागली, आणि पहिल्या मराठी मिस्सेनंतर घरी परतताना आईने आजीला एवढेच म्हटले होते, "आता समजते व माय, फादर वेदीवर काय बोलतात ते."

हे आठवण्याचे कारण म्हणजे माझ्या भाच्याने अमेरिकेतून पाठवलेले एक छायाचित्र. तो नोकरीनिमित्त आयोवा राज्यात राहतो. मी आमच्या चर्चच्या गायकवृंदात बावीस वर्षे पेटी वाजवत आलो आहे हे त्याला ठाऊक असल्यामुळे, स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात एक जुना ऑर्गन आहे असे कळताच तो मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेला. ऑर्गनची छायाचित्रे त्याने पाठवलीच, पण त्यांच्यासोबत चर्चच्या दफनभूमीतील एका लोखंडी क्रुसाचेही एक चित्र होते. ओतीव लोखंडाच्या त्या क्रुसाच्या मधोमध एक पाटी होती आणि तिच्यावर रोमन लिपीत, पण इंग्रजी नसलेले दोन शब्द होते : 'झ्दे ओद्पोचीवा'. "मामा, ही कुठली भाषा?" असे त्याने खाली लिहिले होते. ती चेक भाषा निघाली, आणि अर्थ होता 'येथे विसावा घेत आहे'. त्या दोन शब्दांपासून सुरू झालेला माझा शोध अजून संपलेला नाही.

स्पिलव्हिल हे आजही जेमतेम चारशे वस्तीचे गाव आहे. टर्की नदीच्या काठी स्पिलमन नावाच्या एका जर्मन माणसाने ते वसवले आणि त्याच्याच नावावरून गावाला नाव पडले. पण १८५४ च्या सुमारास तिथे बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातून, चेक कुटुंबे येऊ लागली आणि थोड्याच वर्षांत गाव जवळजवळ पूर्णपणे चेक झाले. बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. तिथल्या शेतकऱ्याला जमीनदाराच्या शेतावर ठरलेले दिवस वेठीला जावे लागे. या वेठीला चेक भाषेत 'रोबोता' म्हणतात, आणि आज आपण यंत्रमानवाला ज्या नावाने ओळखतो तो 'रोबोट' हा शब्द तिच्यावरूनच घडला आहे. १८४८ मध्ये ही वेठ रद्द झाली. माणसे मोकळी झाली खरी, पण लहानशा तुकड्यावर पोट भरत नव्हते, आणि अमेरिकेत सरकारी जमीन सव्वा डॉलर एकराने मिळत होती. घरदार विकून, ब्रेमेन किंवा हॅम्बुर्गच्या बंदरातून जहाजात बसून, हे लोक आले ते परतीचा विचार सोडूनच.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर या चर्चचे मोल कळणार नाही. चेक माणूस कॅथलिक असणे ही सरळ गोष्ट नव्हती. १६२० मध्ये प्रागजवळच्या श्वेतगिरीच्या लढाईत चेक प्रॉटेस्टंट सरदारांचा पराभव झाला आणि ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजांनी सगळा देश सक्तीने कॅथलिक केला. ती सल लोकांच्या मनात शतकानुशतके राहिली. त्यामुळे अमेरिकेत पाऊल ठेवताच असंख्य चेक लोकांनी चर्चशी संबंधच तोडला. स्वतःला मुक्तविचारवादी म्हणवणाऱ्या या मंडळींनी आपली सभागृहे, आपली वृत्तपत्रे आणि आपल्या वेगळ्या दफनभूमीही उभ्या केल्या. म्हणजे बोहेमियात ज्या धर्माला राजसत्तेचा आधार होता, तो अमेरिकेत ज्याला हवा त्याने स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या हाताने सांभाळायचा होता. स्पिलव्हिलच्या लोकांनी १८६० मध्ये दगडी चर्च बांधायला घेतले, ते या पार्श्वभूमीवर. अमेरिकेतील आज उभ्या असलेल्या चेक कॅथलिक चर्चमध्ये ते सर्वांत जुने मानले जाते. बोहेमियाचा रक्षक संत व्हाच्लाव याचे नाव त्याला दिले. हा दहाव्या शतकातील बोहेमियाचा ड्यूक, म्हणजे तिथला राज्यकर्ता. सख्ख्या भावाच्या माणसांनी त्याला चर्चच्या दारात मारले.

आमच्या नागपूरचा इतिहास याच्या उलट आहे. इथे कामठीच्या छावणीतील कॅथलिक सैनिक सोडले, तर आधी धर्मगुरू आले आणि मग धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चभोवतीचा भाविकांचा समाज, उभे राहिले. संत फ्रान्सिस द सालच्या संघाचे फादर १८४५ मध्ये आजच्या फ्रान्समधील सव्हॉय प्रांतातील आनसी गावाहून विशाखापट्टणमला निघाले, पुढे मध्य भारतात आले, आणि १८८७ मध्ये नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. फ्रेंच बोलणाऱ्या त्या फादरांना इथल्या भाषा शिकाव्या लागल्या. स्पिलव्हिलला भाषा आधीच घरात होती, फक्त ती बोलणारा फादर मिळणे कठीण होते. अमेरिकेतील बिशप बहुतेक आयरिश किंवा जर्मन वंशाचे असत. मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची, तेव्हा भाषेचा प्रश्न तिथे नव्हता. पण प्रवचन कोणत्या भाषेत होणार, पापनिवेदन कोणत्या भाषेत ऐकले जाणार आणि मुलांना धर्मशिक्षण कोणत्या भाषेत मिळणार, यासाठी चेक वस्त्या बिशपांकडे पुन्हा पुन्हा चेक धर्मगुरू मागत. मला ही मागणी फार समजते. ज्या भाषेत आई रागावते त्याच भाषेत पापाची कबुली देता येते.

धर्मग्राम धरून ठेवणारा दुसरा माणूस म्हणजे शाळामास्तर. बोहेमियाच्या खेड्यांत शाळेचा मास्तरच चर्चचा ऑर्गन वाजवी आणि गायकवृंद बसवी. ती रीत स्पिलव्हिलला जशीच्या तशी आली. तिथल्या मास्तरांचे नाव यान योसेफ कोव्हार्झिक. त्यांचा मुलगा व्हायोलिन शिकायला प्रागला गेला, तिथे त्याची अंतोनिन द्वोर्झाक या थोर संगीतकाराशी ओळख झाली, आणि १८९२ मध्ये द्वोर्झाक न्यूयॉर्कच्या संगीत विद्यालयाचे संचालक म्हणून आले तेव्हा हा मुलगा त्यांचा मदतनीस म्हणून सोबत होता. सुट्टीसाठी मायदेशी जाण्याऐवजी आमच्या गावी चला, असे त्यानेच सुचवले. ५ जून १८९३ रोजी द्वोर्झाक पत्नी व सहा मुलांसह स्पिलव्हिलला पोचले. रेल्वे जवळच्या कॅलमारपर्यंतच होती. पुढचा रस्ता घोडागाडीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडले ते मी अनेकदा डोळ्यांसमोर आणले आहे. रोजच्या सकाळच्या मिस्सेला तिथे संगीत नसे. म्हाताऱ्या बायका आपापल्या बाकावर माळ ओढीत बसत. द्वोर्झाक वर गेले, ऑर्गनवर बसले आणि त्यांनी 'देवा, तुझ्या वैभवापुढे' या अर्थाचे जुने चेक स्तोत्र सुरू केले. तो ऑर्गन १८७६ चा, सेंट लुईसच्या फेफर नावाच्या कारागिराने बांधलेला. वीज येण्याआधीच्या काळात अशा ऑर्गनचा भाता कोणीतरी मागे उभे राहून हाताने हलवावा लागे. आमच्या चर्चमध्ये माझ्या लहानपणी पायपेटी होती. नागपूरच्या मे महिन्यात तिच्या भात्याचे चामडे वाळून तडकायचे आणि प्रत्येक सुरामागे हवेची सूं ऐकू यायची. बाबा सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून, सोल्यूशन लावून ती भोके बुजवत आणि रविवारी पेटी पुन्हा उभी राही. त्यामुळे भात्यामागचा तो अनाम मुलगा मला द्वोर्झाक यांच्याइतकाच जवळचा वाटतो.

सप्टेंबरमध्ये एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात द्वोर्झाक यांनी या लोकांबद्दल सांगितले आहे. पीसेक, ताबोर आणि बुद्येयोवित्से या भागांतून चाळीसेक वर्षांपूर्वी आलेली ही गरिबांतली गरीब माणसे, फार हाल सोसून आता बरी नांदत आहेत. आपण चर्चमध्ये ती जुनी स्तोत्रे वाजवतो तेव्हा आजी-आजोबांना विशेष आनंद होतो, असे ते लिहितात. सकाळी चर्चला जाताना वाटेत गाव वसवणाऱ्या स्पिलमनची आणि अनेक चेक देशबांधवांची थडगी लागतात आणि मनात चमत्कारिक विचार येतात, हेही त्याच पत्रात आहे. गावात आल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी एक तंतुवाद्य-चतुष्टय, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, लिहायला घेतले आणि २३ जूनला ते पूर्ण केले. 'अमेरिकन' या नावाने आज ते जगभर वाजते. ते पहिल्यांदा वाजले मात्र गावातच. स्वतः द्वोर्झाक, कोव्हार्झिक मास्तर, मास्तरांची मुलगी आणि मुलगा, अशी चौघांची ती बैठक होती. धर्मग्रामातील शाळामास्तराचे कुटुंब हे करू शकत होते, ही गोष्ट मला त्या रचनेइतकीच मोठी वाटते.

पुढची पंचवीस वर्षे मी भराभर ओलांडतो आणि १९१८ वर येतो. अमेरिका जर्मनी आणि ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरली होती. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी जाहीरनामा काढला : शाळेत, रस्त्यावर, आगगाडीत, दूरध्वनीवर आणि जाहीर भाषणात केवळ इंग्रजीच बोलावी, ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांनी आपली उपासना घरी करावी. रोख जर्मन भाषेवर होता, पण त्यात डॅनिश, नॉर्वेजियन आणि चेकही भरडल्या गेल्या. ज्या ऑस्ट्रियाच्या वेठीतून हे लोक सुटून आले होते, त्याच ऑस्ट्रियाचे हस्तक असल्यासारखी वागणूक त्यांना मिळाली, आणि त्यांची मुले तर अमेरिकेच्या गणवेशात लढत होती. हा हुकूम ४ डिसेंबरला मागे घेतला गेला. दरम्यान २८ ऑक्टोबर १९१८ रोजी प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाचे स्वातंत्र्य जाहीर झाले. तीनशे वर्षांनी आपला देश स्वतंत्र झाला ही बातमी आयोवातील चेक माणसाला कायद्याप्रमाणे चारचौघांत चेक भाषेत सांगताही येत नव्हती. हे वाचले त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

हुकूम गेला तरी भाषा हळूहळू गेलीच. मुले इंग्रजी शाळांत शिकली, लग्ने बाहेर झाली आणि प्रवचन इंग्रजीत होऊ लागले. व्हॅटिकन परिषदेनंतर आम्हाला लॅटिनच्या जागी मराठी मिळाली, तिथे मात्र लॅटिनच्या जागी आली ती इंग्रजी. चेक उरली ती स्तोत्रांत आणि दफनभूमीतल्या लोखंडावर. त्यातले पुष्कळ क्रूस गावच्याच चार्ल्स आंदेरा नावाच्या कारागिराच्या हातचे आहेत. दूरदूरच्या चेक दफनभूमींतही त्याचे क्रूस गेले.

आईच्या दगडावर काय लिहायचे हा प्रश्न आला तेव्हा घडवणाऱ्याने इंग्रजीचा नमुना पुढे केला होता. आम्ही 'येथे विसावली आहे' असे मराठीत कोरून घेतले. गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळी आम्ही तिथे झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन गेलो होतो. भाचा तेव्हा मोबाइलवर होता. तिकडे सकाळ होती आणि तो पुन्हा स्पिलव्हिलला गेला होता. ताईने आजूबाजूचे गवत उपटून दगड ओल्या फडक्याने पुसला आणि ती ओळ त्याला वाचून दाखवली. त्याने मोबाइल त्या लोखंडी क्रुसापुढे धरला आणि एकेक अक्षर लावत, अडखळत, तो वाचू लागला, "झ्दे... ओद्पोचीवा..."