युरोपच्या कर्जाचा नकाशा रंगवताना

युरोपातील कर्जसंकट पदव्युत्तर वर्गाला शिकवताना मी दरवर्षी एक लांबलचक तक्ता फळ्यावर उतरवत असे, आणि विसाव्या देशाचा आकडा येईपर्यंत मागच्या बाकांवर जांभया सुरू होत. म्हणून गेल्या वर्षी २००७, २००९ आणि २०१४ या तीन वर्षांतील सरकारी कर्जाचे तीन नकाशे करायचे ठरवले. काम एका दुपारचे वाटले होते; दोन आठवडे गेले.

आकडे युरोस्टॅटच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या, सारणीतून घेतले. युरोपीय संघाची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराच्या व्याख्येप्रमाणे यात केंद्र, राज्ये, स्थानिक संस्था आणि सामाजिक सुरक्षा निधी या सर्वांचे मिळून कर्ज धरतात, त्यांची आपापसांतील देणी वजा करतात, आणि ते जीडीपीच्या (देशाच्या वार्षिक एकूण उत्पादनाच्या) ६० टक्क्यांच्या आत असावे अशी अपेक्षा असते. देशांच्या सीमांची फाइल इंटरनेटवर फुकट मिळाली. दोन अक्षरी देशसंकेताच्या आधारे दोन्ही फाइली क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणकप्रणालीत जोडल्या, आणि पहिला नकाशा पडद्यावर आला तेव्हा ग्रीस पांढराफटक होता. ज्या देशावरून हे सगळे रामायण घडले, तोच कोरा!

कारण क्षुल्लक निघाले. युरोस्टॅट ग्रीसला त्याच्या स्वतःच्या भाषेतील नावावरून ‘ईएल’ म्हणते, तर सीमांच्या फाइलीत ‘जीआर’ होते. ब्रिटनचेही ‘यूके’ आणि ‘जीबी’ असे दोन संकेत. ते हाताने दुरुस्त केले, तरी फ्रान्स गायबच. माझ्याच जोडणीत चूक असेल म्हणून एक अख्खी संध्याकाळ तीच पुन्हापुन्हा तपासली, आणि शेवटी सीमांच्या फाइलीतील तक्ता ओळीने वाचत गेलो, तेव्हा फ्रान्सच्या संकेताच्या रकान्यात ‘-९९’, म्हणजे ‘माहिती नाही’, असे लिहिलेले आढळले. तेही सुधारल्यावर फ्रान्स आला, पण येताना दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना सोबत घेऊन आला, त्यामुळे चौकट अटलांटिकपार ताणली गेली आणि उरलेला युरोप एका कोपऱ्यात आक्रसला. गयानाला कात्री लावली.

खरा पेच रंगांच्या टप्प्यांचा होता. प्रत्येक नकाशाचे टप्पे संगणकावर सोडले असते, तर २००७ मधील १०४ टक्क्यांचा इटली आणि २०१४ मधील सुमारे १८० टक्क्यांचा ग्रीस एकाच गडद तांबड्या रंगात आले असते, आणि मधल्या सात वर्षांत काही घडलेच नाही असे वाटले असते. म्हणून ३०, ६०, ९० आणि १२० हे टप्पे तिन्ही नकाशांना समान ठेवले. तसे केल्यावर २००७ च्या नकाशाने मलाच चकित केले: जर्मनी आणि फ्रान्स साठीच्या रेषेपलीकडे गडद, तर स्पेन (सुमारे ३६ टक्के) आणि आयर्लंड (सुमारे २४ टक्के) फिकट. उधळपट्टी करणाऱ्या सरकारांवर संकट कोसळले, हे वर्तमानपत्री स्पष्टीकरण निदान या दोन देशांना लागू पडत नाही. तिथे फुगा घरबांधणीचा आणि बँकांच्या कर्जवाटपाचा होता. सप्टेंबर २००८ मध्ये आयर्लंडच्या सरकारने आपल्या बँकांच्या देण्यांची हमी घेतली, आणि २०१० मध्ये बँका सावरण्याच्या खर्चामुळे त्याची एका वर्षाची तूट जीडीपीच्या ३० टक्क्यांवर गेली.

२००९ च्या ग्रीसने वेगळीच अडचण आणली. त्या वर्षाअखेरचे त्याचे कर्ज एप्रिल २०१० मध्ये ११५ टक्के जाहीर झाले होते, आणि नोव्हेंबरमधील फेरतपासणीनंतर तेच जवळपास १२७ टक्के झाले. म्हणजे माझ्याच टप्प्यांनुसार, कोणत्या महिन्यात आकडा उतरवला यावर देशाचा रंग ठरणार. मी सुधारित आकडा घेतला आणि तो कधी उतरवला ती तारीख नकाशाच्या तळाशी छापली.

तिसऱ्या नकाशावर वर्गात बराच वाद झाला. मार्च २०१२ मध्ये खासगी रोखेधारकांनी ग्रीक रोख्यांच्या दर्शनी मूल्यातील ५३.५ टक्के रकमेवर पाणी सोडले, तरीही २०१४ मध्ये ग्रीसचे प्रमाण २००९ पेक्षा कितीतरी अधिक का? अर्थव्यवस्थाच संकटापूर्वीच्या तुलनेत जवळपास चतुर्थांशाने आकसली होती, त्यामुळे भागाकारातील छेदच, म्हणजे जीडीपीच, लहान झाला. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की मग छेद फुगला तर? तिच्या प्रश्नासाठी २०१५ चा चौथा नकाशा केला. त्यात आयर्लंड एका वर्षात १०४ वरून ७७ टक्क्यांच्या आसपास उतरलेला दिसतो. फेडलेल्या कर्जाचा त्यात वाटा थोडाच. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा तिकडे हलवल्यामुळे त्या वर्षी आयर्लंडचा जीडीपी कागदोपत्री २५ टक्क्यांहून अधिक वाढला होता. तेथील सांख्यिकी कार्यालयाने पुढे ही सूज वगळणारे वेगळे राष्ट्रीय उत्पन्न मोजायला सुरुवात केली. चौथ्या नकाशात आयर्लंडवर मी रंगाऐवजी तिरप्या रेघा मारल्या आहेत.