खांबातून निघालेली लाल माती

ड्रिल गेटच्या खांबात शिरले आणि दीड इंचानंतर त्याचा आवाजच बदलला. चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यात, ड्रिल चालते तेव्हा हाताला सलग खरखर लागते. ती एकदम थांबली, बिट आपल्या वजनाने आत गेला आणि बाहेर काढल्यावर त्याच्या मागोमाग भुसभुशीत लाल माती गिलाव्यावरून खाली ओघळली. दुसरे छिद्र एक फूट खाली घेतले, तिसरे समोरच्या खांबाला घेतले. तिन्ही ठिकाणी तेच झाले. बाहेरून चिऱ्याची एक रांग, आत तुकडे आणि माती, आणि वरून गुळगुळीत गिलावा. सळई कुठेच नव्हती.

चिपळूणला माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. गुहागरकडच्या एका गावात, जिथे पूर्वी गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला, बांबूचे बेडे, म्हणजे साधे फाटक, होते, तिथे बारा फुटांच्या वाटेवर दोन पल्ल्यांचे गेट करून देण्याचे हे काम होते. मालक एस. टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वास्तुशांत होती आणि त्याआधी गेट उभे राहावे अशी त्यांची इच्छा होती, म्हणून आम्ही सकाळीच पल्ले टेम्पोत घालून पोहोचलो होतो.

पल्ल्यांवर आम्ही मन लावून काम केले होते. पन्नास मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची चौकट, सोळा मिलिमीटरचे उभे चौरस बार आणि खालच्या दोन फुटांत दोन मिलिमीटरचा पत्रा. वेल्डिंगची उष्णता चौकट ओढते, म्हणून चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारून कर्ण मोजले, मग एका कोपऱ्यानंतर लगेच शेजारचा न घेता समोरचा कोपरा भरत गेलो. शेवटी दोन कर्णांत फक्त दोन मिलिमीटरचा फरक राहिला. समुद्राची खारी हवा पाइपच्या आत साचून लोखंड आतून खाते, त्यामुळे सगळे जोड सलग भरून बंद केले होते आणि रंगाआधी प्रायमरचे दोन हात दिले होते. एका पल्ल्याचे वजन सुमारे ११० किलो भरले.

हे वजन खांबावर सरळ खाली बसते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सहा फुटी पल्ल्याचा भार बिजागरीपासून तीन फुटांवर लटकत असतो, आणि वरच्या व खालच्या बिजागरीत पाच फुटांचे अंतर असेल तर वरची बिजागरी खांबाला सुमारे ६६ किलोच्या जोराने वाटेकडे ओढत राहते, तर खालची तेवढ्याच जोराने उलट दिशेला रेटते. ही ओढ रात्रंदिवस चालू असते. त्यात पंचवीस किलोचे एखादे मूल पल्ल्याच्या टोकाला लोंबकळले, आणि मुले लोंबकळतातच, की वरची ओढ आणखी ३० किलोने वाढते. चिरा दाब उत्तम सोसतो, ओढ मात्र सोसत नाही. त्यासाठी खांबाच्या पोटात सळ्या आणि काँक्रीट लागते.

माप घ्यायला आलो होतो तेव्हा मी गवंड्याला फोनवर विचारले होते. "सळ्या आहेत," असे उत्तर मिळाले आणि मी त्यावर विसंबलो. तेव्हाच एक बारीक छिद्र घेऊन पाहायला हवे होते. ती चूक माझी होती आणि मी तसे मालकांना सांगितले.

"अहो मिस्त्री, उद्या पाहुणे येणार. आज लावून टाका, पुढचे पावसाळ्यानंतर बघू," ते म्हणाले.

"काका, हे गेट आज लावले तर उद्या त्याखाली तुमचीच नातवंडे खेळतील. मी या खांबावर ते चढवणार नाही."

ते थोडे रागावले. मग मी जमिनीवर खडूने पल्ला काढून ६६ किलोचा हिशेब मांडला, आणि ज्या माणसाने आयुष्यभर बसच्या स्प्रिंगा आणि अ‍ॅक्सल हाताळले होते, त्याला पुढे काही सांगावे लागले नाही. "मग खांबाला हात न लावता कसे करता येईल?" एवढेच त्यांनी विचारले.

दोन्ही खांबांच्या मागे, आतल्या बाजूस, लोखंडाचे स्वतंत्र पोस्ट उभे करायचे ठरवले. खांबांच्या मध्ये पोस्ट घेतले असते तर वाट अरुंद होऊन तयार पल्ले कापावे लागले असते. मागे घेतल्याने बारा फूट तसेच राहिले. टेम्पो परत चिपळूणला पाठवून शंभर बाय पन्नास मिलिमीटरचे लोखंडी चॅनेल (तीन बाजू असलेल्या पन्हळीसारखे) आणवले आणि दोन-दोन समोरासमोर जोडून दहा फुटांचे दोन पोस्ट केले. तोवर इतरांनी पहार आणि घणाने दीड फूट चौरस, तीन फूट खोल असे दोन खड्डे जांभ्यात फोडले. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात ओळंबा दोन बाजूंनी लावून पोस्ट उभे केले, अँगलच्या तिरक्या टेकूंनी आवळले आणि काँक्रीट ओतले. ओल्या काँक्रीटवर भार टाकता येत नाही, त्यामुळे त्या रात्री गेट लागणार नव्हतेच. पल्ले आम्ही भिंतीला टेकवून न ठेवता अंगणाच्या कोपऱ्यात आडवे निजवले. टेकवलेला पल्ला मुलांच्या धक्क्याने अंगावर येऊ शकतो.

वास्तुशांत गेटाशिवाय पार पडली. काकूंनी तोरण जुन्या बेड्याच्या बांबूंवर बांधले होते, असे मला नंतर कळले.

पुढचे सात दिवस काका रोज दोन वेळा खड्ड्यांवर पाणी घालत होते. आठव्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, बेअरिंगच्या बिजागऱ्या पोस्टला वेल्ड केल्या, वेल्डिंगच्या जागा घासून त्यावर झिंकचा प्रायमर लावला आणि पल्ले चढवले. मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आली. मी उजवा पल्ला अर्धा उघडून हात काढून घेतला. पोस्ट ओळंब्यात नसेल तर पल्ला आपोआप एका बाजूला सरकू लागतो. हा जिथे सोडला तिथेच थांबला. काकांनीही तो दोन-तीन ठिकाणी थांबवून पाहिला आणि मग पोस्टचे पैसे बिलात का धरले नाहीत असे विचारले. माप घेताना खांब तपासणे हे माझ्याच कामात मोडत होते, असे मी सांगितले. त्यांनी निम्मे तरी घ्यायला लावले.