जम्बो

शाळेने काय दिलं असं कोणी विचारलं की मी आपल्या इंग्रजीच्या बाईंचं नाव घेतो. बाई शब्दाचा नुसता अर्थ सांगून कधी थांबायच्या नाहीत, तो आला कुठून ते पण सांगायच्या.

सातवीची सहल मुंबईच्या राणीच्या बागेत गेलेली. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती आहे ना, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, 1864 मध्ये इंग्रज तो उचलून न्यायला गेले आणि पडून तुकडे झाले, मग 1914 ला जोडून इथे उभा केला, त्याच्यासमोर बाईंनी अख्खा वर्ग खाली बसवला आणि विचारलं, जम्बो म्हणजे काय? सगळे ओरडले, मोठ्ठा! बाई म्हणाल्या, नाही रे, आधी ते एका हत्तीचं नाव होतं.

हा जम्बो आफ्रिकेत पिल्लू असताना पकडलेला, पॅरिसहून 1865 ला लंडनच्या झूमध्ये आला. मोठा झाल्यावर उंची साडेदहा फुटांच्या आसपास, पाठीवर मुलांना फिरवायचा. 1882 ला झूने तो बार्नम नावाच्या अमेरिकन सर्कसवाल्याला विकला तेव्हा हजारो शाळकरी मुलांनी व्हिक्टोरिया राणीला पत्रं लिहिली, आमचा जम्बो देऊ नका म्हणून. हे ऐकताना आमचा तो दंगेखोर वर्ग एकदम चिडीचूप. पत्रांचा उपयोग झाला नाही, 1885 ला कॅनडात रेल्वेच्या धडकेत तो गेला. पण सर्कसच्या जाहिरातींनी नाव एवढं गाजवलं की मोठ्या कुठल्याही गोष्टीला लोक जम्बो म्हणायला लागले. काही जण मूळ आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतल्या जुम्बे म्हणजे मुखिया या शब्दात शोधतात, पण मला विचाराल तर शब्द मोठा केला तो या हत्तीनेच.

1971 ला एअर इंडियाचं पहिलं बोईंग 747 आलं ते जम्बो जेट, आपला कुंबळे जम्बो, रविवारी लोकल बंद ठेवणारा रेल्वेचा जम्बो ब्लॉक, स्टेशनबाहेरचा जम्बो वडापाव, आपण दिवसभर त्या बिचाऱ्याचं नाव घेतो आणि तो कोणाला माहीतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढचं मी नंतर वाचलं. त्याचा सांगाडा न्यूयॉर्कच्या म्युझियमकडे गेला, पेंढा भरलेलं कातडं टफ्ट्स युनिव्हर्सिटीत होतं ते 1975 च्या आगीत जळालं, तिथल्या एकाने थोडी राख पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवली. एवढ्या अवाढव्य प्राण्याची राख एका बरणीत! शाळेच्या महोत्सवाला बाई येणार आहेत असं ऐकलंय, त्यांना हे सांगायचंय.