आजीने दाखवलेला कट आणि वेटोळ्यांचा हिशोब

जत तालुक्यातला इंटरनेटच्या जमिनीखालच्या केबलचा रूट, केबलमध्ये चोवीस फायबर, म्हणजे काचेचे तंतू. सकाळी सात वाजता चार ग्रामपंचायतींचं नेट एकदम बंद पडलं. टोकाला ओटीडीआर लावला, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तुटलेल्या जागेचं अंतर सांगणारं यंत्र. कट ९.४२० किलोमीटरवर. मोटारसायकलचा काटा बघत तेवढं अंतर गेलो, अंदाजाने खूण केली आणि दोन माणसं खणायला लावली. दीड मीटर खाली डक्ट, म्हणजे केबलचा पाइप, मिळाला. धडधाकट. पुढे वीस मीटरवर दुसरा खड्डा, तोही धडधाकट.

तेवढ्यात बाजूच्या डाळिंबाच्या बागेतून एक आजी आल्या. "हितं कशाला उकरताय? सकाळीच तिकडं वड्याकडंला जेसीबी आलता की, पायपासाठी." तो ओढा आम्ही दोनशे मीटर मागे सोडून आलो होतो!

ओटीडीआर खोटं बोलत नव्हता. तो काचेची लांबी मोजतो, रस्त्याची नाही. वाटेत केबलचे चार जॉइंट, प्रत्येकाच्या चेंबरमध्ये, म्हणजे जमिनीतल्या पेटीत, दोन्ही बाजूंचा मिळून वीस मीटर लूप (जादा केबलचं वेटोळं), असे ऐंशी. मोऱ्यांजवळच्या पाच चेंबरमध्ये दहा-दहा, ते पन्नास. शिवाय केबलच्या आत फायबर पिळाने जातो, त्याचे शंभराला एक धरले तरी नव्वदेक मीटर. बेरीज सव्वादोनशेच्या घरात. हे सगळं मला पाठ होतं, पण सकाळच्या घाईत वजा करायला विसरलो. आणि नकाशावर तर एकाही लूपचा आकडा नव्हता.

कट मिळाला, पण खरी फजिती पुढेच. केबल तुटल्यावर दोन्ही टोकं खड्ड्याबाहेर काढून स्प्लायसिंग मशीनपर्यंत, म्हणजे फायबर एकेक करून जोडणाऱ्या यंत्रापर्यंत, आणावी लागतात. जवळच्या चेंबरमधला लूप डक्टमधून ओढून घेतला की एकाच जॉइंटमध्ये भागतं. एका बाजूचं चेंबर उघडलं, तर आत केबल सरळ गेलेली. आधीच्या कुणीतरी लूप वापरून टाकलेला, परत ठेवलाच नाही. दुसऱ्या बाजूला लूप होता, पण जेवणाच्या ताटलीएवढा गुंडाळून बांधणीच्या तारेने आवळलेला. तार रुतली होती तिथे केबल चक्क चेपली होती. ओटीडीआरवर १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशात फायबर बरा दिसे, १५५० वर मात्र आलेखात पायरी पडलेली, म्हणजे तिथे प्रकाश गळत होता. वाक जास्त असला की असंच होतं.

मग काय, मधे पन्नास मीटरचा तुकडा घातला. दोन जॉइंट, अठ्ठेचाळीस स्प्लाइस. रात्री साडेदहाला शेवटचा फायबर जुळला. ताडपत्रीच्या तंबूत बॅटरीच्या उजेडात डोळे चुरचुरत होते. आजींनी दोनदा चहा पाठवला.

त्या दिवसापासून चेंबर बंद करायच्या आधी मी एक काम करतो. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. केबल चेंबरमध्ये शिरते तिथला आणि बाहेर पडते तिथला, दोन्ही आकडे वहीत लिहायचे. वजाबाकी केली की आतला लूप. नकाशावर तोच आकडा लाल पेनाने. वेटोळं जाडीच्या वीस पट त्रिज्येचं, म्हणजे मोठ्या परातीपेक्षाही रुंद, तारेऐवजी पट्टीने सैल बांधलेलं, वर वाळू. डक्टची तोंडं बुजवायची, नाहीतर पहिल्याच पावसात गाळ आत.

साहेबांना वही दाखवली. ते म्हणाले, "एक्सेलमध्ये द्या." दिली.